माहितीचा अधिकार राज्यात सुधारायचा तर सुरुवात अभिलेख कक्षापासून

प्रश्न असा आहे: महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा आहे, ऑनलाइन अर्जाची सोय आहे, आयोगाची खंडपीठं आहेत. तरी रस्त्याच्या कामाच्या एका साध्या देयकाची (बिलाची) प्रत मिळवताना माणूस दुसऱ्या अपिलापर्यंत, म्हणजे थेट राज्य माहिती आयोगापर्यंत, का जातो? आणि केंद्राच्या कायद्याला हात न लावता राज्य सरकार यात काय बदलू शकतं?

बरंच काही बदलू शकतं. उत्तर देण्याची ३० दिवसांची मुदत, माहिती नाकारण्यासाठीचे कलम ८ मधले अपवाद, रोज २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार रुपयांचा दंड, या गोष्टी संसदेच्या हातात आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्य माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतनही केंद्र ठरवतं. सध्याच्या नियमांत मुदत ३ वर्षांची आहे. पण शुल्काचे आणि अपिलाच्या कार्यपद्धतीचे नियम कलम २७ खाली राज्य करतं. मुख्य आयुक्तांशिवाय १० पर्यंत आयुक्त नेमता येतात. किती नेमायचे आणि रिकामी जागा कधी भरायची हे राज्याकडे आहे. आयोगाला कर्मचारी राज्यच देतं. आणि कोणत्या कार्यालयात कोणता कागद कसा तयार होतो, कुठे ठेवला जातो, कधी लोकांसमोर येतो, हे तर सर्वस्वी राज्याचं काम आहे.

सुधारणेची चर्चा मात्र बहुतेक वेळा आयोग आणि दंड यांच्यापाशीच अडकते. तिथे पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो. खरी अडचण कलम ४(१)(क) मध्ये आहे. हे कलम सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं (म्हणजे कायदा लागू असलेल्या कार्यालयानं किंवा संस्थेनं) आपले अभिलेख, म्हणजे जपून ठेवायची कागदपत्रं, सूचिबद्ध आणि अनुक्रमित ठेवावेत, आणि साधनांच्या उपलब्धतेनुसार योग्य मुदतीत संगणकावर आणावेत. कायद्यातलं सगळ्यात दुर्लक्षित कलम हेच आहे आणि बाकीची सगळी यंत्रणा त्याच्यावर उभी आहे.

अर्ज आल्यावर काय होतं ते पाहा. आवक बारनिशीत (आलेल्या टपालाच्या नोंदवहीत) नोंद होते, अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे उत्तर देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो, तो संबंधित कार्यासनाला (तो विषय सांभाळणाऱ्या टेबलाला) पाठवतो. कार्यासनाचा लिपिक चार महिन्यांपूर्वी बदलून आलेला असतो आणि कार्यभार घेताना त्याला नस्त्यांची (फायलींची) यादी मिळालेली नसते. नस्ती कपाटात आहे की अभिलेख कक्षात हे कुणालाच ठाऊक नसतं. अभिलेख कक्षातल्या गठ्ठ्यांवर वर्ष असतं, विषय नसतो. शोधण्यात तीन आठवडे जातात आणि मुदत संपत आली की उत्तर निघतं: ‘सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.’ यात लबाडी किती आणि अव्यवस्था किती, हे बाहेरून ओळखता येत नाही. लपवू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला अव्यवस्थेचाच आडोसा मिळतो, म्हणून ती आधी दूर करायची.

‘आढळून येत नाही’ हे कायद्यानं मान्य केलेलं कारण नाही. कलम ८ आणि ९ मध्ये ते कुठेच नाही. अभिलेख सापडत नसेल तर कसून शोध घ्यावा, चौकशी करून जबाबदारी ठरवावी, हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्राकडे तर स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. त्याचा भंग करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण गुन्हा नोंदवायचा तर आधी तो अभिलेख कार्यालयात होता हे दाखवावं लागतं, आणि यादीच नसेल तर ते कशावरून दाखवणार? शिक्षेची तरतूद असूनही ती फारशी वापरली जात नाही, याचं मोठं कारण हेच.

म्हणून पहिलं काम अभिलेखांची यादी. कागद किती काळ जपायचा हे ठरवणारं अबकड वर्गीकरण राज्यात जुनंच आहे: ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ ५ वर्षं आणि ‘ड’ १ वर्ष. कार्यासनावरचे कागद सहा गठ्ठ्यांत विभागून ठेवण्याची सहा गठ्ठा पद्धतीही कागदावर लागू आहे. नवी पद्धत शोधण्याची गरज नाही. आहे ती प्रत्येक कार्यासनावर खरोखर चालली पाहिजे आणि तिची यादी लोकांना दिसली पाहिजे. यादीत प्रत्येक नस्तीसाठी इतकं असावं: नस्ती क्रमांक, विषय, उघडल्याची आणि बंद केल्याची तारीख, टिपणी बाजूची आणि पत्रव्यवहार बाजूची पृष्ठसंख्या, वर्ग, ठेवलेली जागा (कक्ष, मांडणी, गठ्ठा), नाश करण्याचं वर्ष, आणि ती संकेतस्थळावर आहे की नाही. विषय लिहिताना ‘किरकोळ पत्रव्यवहार’ असं लिहिण्यावर बंदी घाला, कारण नको असलेली प्रकरणं नेमकी त्याच शीर्षकाखाली जाऊन बसतात.

पृष्ठांकनावर थोडं थांबतो, कारण ते क्षुल्लक वाटतं. नस्तीला पानांचे क्रमांक नसतील तर मधली चार पानं काढून घेतल्याचं कधीच सिद्ध होत नाही. कागद नस्तीत लागतो त्याच दिवशी क्रमांक पडला पाहिजे. बदली होताना कार्यभार हस्तांतरणाच्या अहवालाला नस्त्यांची यादी पृष्ठसंख्येसह जोडल्याशिवाय कार्यमुक्तीचा आदेश निघू नये. याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक आणि ते पाळून घेणारा कार्यालयप्रमुख लागतो.

निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद काढून टाकणं, हे याच्या नंतर. उलट क्रमानं केलं की घोटाळा होतो. वर्गीकरण न करता ‘स्वच्छता मोहीम’ म्हणून खोल्या रिकाम्या केल्या की ‘ब’ वर्गाचे कागद ‘ड’ बरोबर रद्दीत जातात. नाश करण्याआधी यादी तयार करून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, ती यादी ३० दिवस संकेतस्थळावर आणि सूचना फलकावर ठेवावी, आणि ज्या नस्तीवर माहिती अर्ज, अपील, लेखा आक्षेप किंवा न्यायालयीन प्रकरण चालू आहे तिला हात लावू नये. नाश केलेल्या कागदांची यादी स्वतः मात्र कायम जपावी.

स्कॅनिंग तिसऱ्या क्रमांकाला येतं. बहुतेक ठिकाणी तेच पहिलं केलं जातं, ठेकेदाराला पानामागे दर दिला जातो आणि हाती लागतात ‘स्कॅन ००१’, ‘स्कॅन ००२’ अशा नावांच्या लाखभर फाइल, ज्यांत काहीच शोधता येत नाही. यादीतला नस्ती क्रमांक हेच फाइलचं नाव असावं, ३०० डीपीआय पुरेसं आहे, आणि ठेक्याचं देयक नमुना तपासणीशी जोडलेलं असावं: प्रत्येक गठ्ठ्यातल्या काही नस्त्या उघडून यादीतली पृष्ठसंख्या आणि स्कॅनची पृष्ठसंख्या जुळते का ते पाहायचं. मराठीची आणखी एक अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत टंकलेले दस्तऐवज पडद्यावर मराठी दिसतात, पण शोधात सापडत नाहीत. ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतात. आणि आज संगणकावर तयार होणारं पत्र छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करून चढवण्याची सवय मोडली पाहिजे. तक्ते तक्त्याच्याच स्वरूपात द्यावेत. आकड्यांचा फोटो म्हणजे प्रसिद्धी नव्हे.

आता स्वयंप्रेरणेनं, म्हणजे कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता, प्रसिद्धी. कलम ४(१)(ख) मधल्या १७ बाबी कायदा झाल्यापासून १२० दिवसांत प्रसिद्ध करून दर वर्षी अद्ययावत करायच्या होत्या. आज एखाद्या कार्यालयाचं पान उघडलं तर बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं, दुसऱ्या कार्यालयाच्या नमुन्यातून उचललेली कर्तव्यांची यादी आणि रिकामा अंदाजपत्रकाचा तक्ता दिसतो. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये किशनचंद जैन प्रकरणात कलम ४ च्या अंमलबजावणीवर केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांनी सतत देखरेख ठेवावी असं सांगितलं आहे. त्रयस्थ लेखापरीक्षणाचा मुद्दाही त्यात आहे. राज्यानं हे लेखापरीक्षण दर वर्षी करून कार्यालयनिहाय गुण जाहीर करायला हवेत.

तरीही गुणांनी फारसं हलत नाही. प्रसिद्धी हे ‘आणखी एक काम’ राहिलं की ते मागेच पडतं. ते मुख्य कामाच्या साखळीत घालावं लागतं. शासन निर्णयांच्या बाबतीत राज्यानं हे करून दाखवलं आहे: प्रत्येक शासन निर्णयावर संगणक संकेतांक असतो आणि तो संकेतस्थळावर चढवल्याची नोंद त्या निर्णयातच असते. संकेतांक नाही तर निर्णय अपुरा वाटतो, इतकी ती सवय रुजली. हेच देयकांना लावा. बांधकामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदेचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली संबंधित पानं, गुणवत्ता चाचणी अहवाल, मुदतवाढीचे आदेश आणि पूर्णत्वाचा दाखला, हे सगळं त्या कामाच्या क्रमांकाखाली चढलेलं असेल तरच प्रणालीनं पुढचं देयक स्वीकारावं. कागद लवकर चढावा यासाठी ठेकेदारच मग कार्यालयाचा पाठपुरावा करेल. रस्ते, नळपाणी, शाळाखोल्या यांच्याबद्दलचे अर्ज बहुतांश याच आठ कागदांसाठी असतात. ते आधीच बाहेर आले तर अर्ज करण्याची गरजच उरत नाही.

राजस्थाननं २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू केलं. तिथे योजनांची माहिती गाव आणि प्रभागापर्यंत विनाअर्ज पाहता येते. त्यातून घेण्यासारखी गोष्ट तंत्रज्ञानापेक्षा रचनेची आहे: माहिती विभागाच्या सोयीनं न मांडता नागरिक जिथे राहतो त्या ठिकाणानुसार मांडली आहे. रेशन दुकानदाराला या महिन्यात किती धान्य मिळालं हे गावाच्या नावानं शोधता आलं पाहिजे, नियतन (धान्यवाटपाच्या) आदेशाच्या क्रमांकानं नव्हे.

इथे एक नवी अडचण उभी राहिली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा तिच्यामुळे खासगीपणावर विनाकारण आक्रमण होतं हे दाखवावं लागे, आणि संसद किंवा विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही अशी पुस्ती होती. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं आहे. हा बदल घातक आहे. लाभार्थ्याचं, अधिकाऱ्याचं, ठेकेदाराचं नाव आलं की अर्ज फेटाळण्याची मोकळीक त्यातून घेतली जाईल. पण दोन दारं उघडी आहेत. कलम ८(२) जसंच्या तसं आहे: प्रकटनातलं सार्वजनिक हित नुकसानापेक्षा मोठं असेल तर अपवादातली माहितीही देता येते. आणि कलम ४(१)(ख) मध्ये अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील, सवलती आणि परवाने मिळालेल्यांचा तपशील, अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन या बाबी प्रसिद्ध करण्याचं बंधन कायम आहे. राज्यानं लगेच एक परिपत्रक काढून सांगावं की या बाबींना ८(१)(ञ) लावून अर्ज फेटाळता येणार नाही, आणि इतर प्रकरणी ते लावायचं असेल तर ८(२) खालचा विचार आदेशात लिहिलाच पाहिजे. आधार क्रमांक, बँक खातं, आजाराचा तपशील, घरचा पत्ता मात्र झाकून द्यावा. त्यासाठी कलम १० आहे. दोन रकाने झाकायचे म्हणून अख्खी यादी अडवण्याचं कारण नाही. अर्जदारांनीही आता अर्जातच दोन ओळींत सार्वजनिक हित मांडावं. कारण देण्याचं बंधन कलम ६(२) नुसार नाही, पण पुढे अपिलात त्या ओळी कामी येतात.

राज्याच्या नियमांतली एक गोष्ट तातडीनं बदलण्याजोगी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांचा असावा असं ठरलं. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत ही मर्यादा ५०० शब्दांची आहे आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळायचा नाही असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. १५० शब्दांनी काम वाढलं आहे. एका कामाची माहिती मागणारा माणूस चार अर्ज करतो, चार नोंदी होतात, चार अपिलं होतात. ‘एक विषय’ म्हणजे काय याची व्याख्या नसल्यानं एकाच रस्त्याचं अंदाजपत्रक आणि देयक हे दोन विषय ठरवून अर्ज परत केल्याचीही उदाहरणं होतात. केंद्राची तरतूद शब्दशः घ्यावी. अपिलावरचं २० रुपयांचं शुल्कही काढावं. केंद्राच्या नियमांत अपिलाला शुल्क नाही, आणि चूक कार्यालयाची असताना नागरिकानं मुद्रांक लावण्यात न्याय नाही.

शुल्क मागणीचं पत्र हे दुसरं अडण्याचं ठिकाण. प्रतीला पानामागे २ रुपये. कलम ७(३) नुसार मागणीपत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात. म्हणून २९ व्या दिवशी, पानांची संख्या न लिहिता ‘शुल्क भरावे’ असं पत्र जातं. नियमांतच लिहावं की मागणीपत्र अर्जापासून १० दिवसांत निघेल, त्यात पृष्ठसंख्या आणि हिशेब असेल, आणि ऑनलाइन भरणा त्याच पोर्टलवर होईल. मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यायची आहे हे कलम ७(६) सांगतं. पोर्टलनं ३१ व्या दिवशी शुल्क मागण्याचा पर्यायच बंद करावा.

अवलोकन, म्हणजे कार्यालयात जाऊन नस्ती पाहणं, हा मार्ग लोक कमी वापरतात. नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानं जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्याची सोय सुरू केली. अर्ज न करता नस्ती पाहता आली तर माणूस नेमकी चार पानं मागतो, चारशे नव्हे. मात्र त्या वेळेत अभिलेखपाल हजर असणं, बसायला जागा असणं आणि मोबाइलवर फोटो घेऊ देणं या तीन गोष्टी लेखी ठरवून द्याव्यात. नाहीतर ‘साहेब बैठकीला गेलेत’ इथेच सोमवार संपतो.

पहिल्या अपिलाची अवस्था सगळ्यात वाईट आहे. अपिलीय अधिकारी त्याच कार्यालयातला वरिष्ठ असतो, अनेकदा ज्याच्या सहीनं मूळ निर्णय झाला तोच. त्यानं ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. दिला नाही तर? कलम २० चा दंड फक्त जन माहिती अधिकाऱ्याला आहे, अपिलीय अधिकाऱ्याला नाही. राज्याला दंडाची तरतूद करता येणार नाही, पण सेवा नियम त्याच्या हातात आहेत. मुदतीत न निघालेली अपिलं गोपनीय अहवालात नोंदवा. आदेशाचा नमुना ठरवा: मागणीचा मुद्दा, दिलेलं उत्तर, लागू कलम, कारण, निष्कर्ष, असा मुद्देवार. ‘माहिती देण्यात यावी’ या एका ओळीच्या आदेशाला तारीख नसते आणि पालनही नसतं. आणि अपिलीय अधिकाऱ्याचा स्वतःचा संबंध असलेलं प्रकरण शेजारच्या कार्यालयातल्या समकक्ष अधिकाऱ्याकडे सोपवण्याची मुभा द्या.

आयोगाबद्दल थोडक्यात. दुसरं अपील किती दिवसांत निकाली काढायचं याची मुदत कायद्यात नाही, म्हणून जागा रिकामी राहिली की सगळा भार नागरिकावर पडतो. अंजली भारद्वाज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं की जागा रिकामी होण्याच्या एक-दोन महिने आधीच निवड सुरू व्हावी आणि निवडीचे निकष जाहीर असावेत. निवृत्तीची तारीख आधीच माहीत असते, त्यामुळे उशिराला सबब नाही. राज्यानं तीन महिने आधी जाहिरात द्यावी. प्रत्यक्ष आणि दृक्श्राव्य अशा दोन्ही पद्धतींनी सुनावणी डिसेंबर २०२३ पर्यंत सगळ्या राज्य आयोगांनी सुरू करावी असाही न्यायालयाचा आदेश आहे. गडचिरोलीच्या माणसाला नागपूरला येऊन पाच मिनिटांच्या सुनावणीसाठी दिवस घालवावा लागू नये.

खंडपीठांनी अपिलं केवळ तारखेच्या क्रमानं न घेता कार्यालय आणि विषयानुसार एकत्र घ्यावीत. एकाच नगरपालिकेची साठ अपिलं बांधकाम परवानग्यांबद्दल असतील तर साठ आदेश कशाला? कलम १९(८)(क) खाली त्या परवानग्या प्रसिद्ध करण्याचा एकच आदेश देता येतो. दंड झाला की आदेश आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाऊन वेतनातून कपात आणि सेवापुस्तकात नोंद झाली पाहिजे. बदली झाली की वसुली हरवते, म्हणून सेवार्थ वेतन प्रणालीतच ती नोंद लागावी. आयोगाचे आदेश शोधता येतील अशा मजकुरात, पालनाच्या स्थितीसह प्रसिद्ध व्हावेत.

सहकारी संस्थांबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून तेवढं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलप्पलम निकालानंतर गृहनिर्माण किंवा पतसंस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत. पण निबंधकाला कायद्यानं जी माहिती संस्थेकडून मिळवता येते ती कलम २(च) नुसार निबंधकाकडे मागता येते. अर्ज संस्थेकडे न करता उपनिबंधक कार्यालयाकडे करा.

सगळं एकदम सुरू केलं की काहीच होत नाही. एक जिल्हा परिषद किंवा एक महापालिका निवडावी. पहिल्या तीन महिन्यांत फक्त चालू नस्त्यांची यादी आणि पृष्ठांकन, पुढच्या तीन महिन्यांत मागच्या पाच वर्षांची यादी, त्याच वेळी बांधकाम विभागाच्या देयकांना प्रसिद्धीची अट. जुना अभिलेख कक्ष नंतर. मोजायचं ते अर्जांची संख्या कमी झाली का एवढंच नव्हे, कारण अर्ज नाउमेद होऊनही कमी होतात. ‘आढळून येत नाही’ अशी उत्तरं किती, मागणीपत्र सरासरी कितव्या दिवशी निघतं, पहिल्या अपिलात किती निर्णय बदलतात आणि प्रसिद्ध असलेलीच माहिती मागणारे अर्ज किती, हे चार आकडे दर तिमाहीला जाहीर करावेत. शेवटचा आकडा मोठा असेल तर माहिती आहे पण सापडत नाही, असं समजून पानाची मांडणी बदलावी.

सरकार हलेपर्यंत नागरिकांना आणि संघटनांना एक गोष्ट आजच करता येते. दुसऱ्या अपिलात बहुतेक जण ‘माहिती मिळावी आणि दंड व्हावा’ एवढीच विनंती लिहितात. तिथे आणखी एक परिच्छेद घाला: ‘कलम १९(८)(क) अन्वये प्राधिकरणास आदेश व्हावा की, अमुक विषयाच्या नस्त्यांची सूची ६० दिवसांत तयार करून संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, सदर प्रकारची माहिती कलम ४(१)(ख) खाली दर तिमाहीस अद्ययावत करावी आणि पालन अहवाल आयोगास सादर करावा.’ सोबत त्या कार्यालयाच्या संकेतस्थळाच्या पानाची तारीख दिसेल अशी छापील प्रत आणि १७ बाबींपैकी कोणत्या नाहीत याचा एक पानी तक्ता जोडा. फक्त कलम १८ खाली तक्रार करू नका. त्यात आयोगाला माहिती देण्याचा आदेश देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या मणिपूर प्रकरणात म्हटलं आहे. पहिल्या अपिलाचा निर्णय मिळाल्यापासून, किंवा तो यायला हवा होता त्या दिवसापासून, ९० दिवसांत दुसरं अपील दाखल होतंय का तेही तपासा, कारण चांगली विनंती असलेली अनेक अपिलं केवळ मुदत चुकल्यानं पडतात.